घर परतणं

संगमेश्वर तालुक्याची कचेरी संगमेश्वरात नाही, हे मला संगमेश्वर रोड स्टेशनावर उतरून, नाक्यावर येऊन, दोन कप चहा पिऊन झाल्यावर कळलं. चहावाला म्हणाला, "तहशील देवरुखला. एसटी आत्ताच गेली." पुढची कधी, ते त्याने सांगितलं नाही आणि तोंडावरून दिसत होतं की विचारूही नये. नवरा बरोबर असता तर ही फेरी वाचली असती. पण त्याने डोंबिवलीलाच हात झटकले होते. "गावाला राहायची हौस तुझी. तू जाऊन बघ. मी दहावीपर्यंत राहिलोय तिथं."

मला स्वतःचं गाव नाही. जन्म गिरगावात, चाळीत, लग्नानंतर डोंबिवली. मे महिन्यात वर्गातल्या मुली गावाला जायच्या आणि जूनमध्ये करवंदांच्या, विहिरींच्या गोष्टी घेऊन यायच्या. माझ्याकडे सांगायला चौपाटी. तेव्हापासून कुणी "गाव कुठलं?" विचारलं की मी पटकन सासरचं सांगते, जिथे तीस वर्षांत गणपतीचे पाच-पाच दिवस सोडले तर मी राहिलेले नाही. सासूबाई गेल्यावर ते घर चार वर्षं बंदच होतं. मुलगी बंगळूरला. माझं काम हिशेबाचं, अकरा दुकानदारांचे जीएसटीचे रिटर्न भरायचे. ते कुठूनही करता येईल अशी माझी समजूत. डोंबिवलीचा फ्लॅट भाड्याने द्यावा आणि गावी जाऊन राहावं, हा विचार कोविडनंतर डोक्यात शिरला तो निघेना. मग हिशेबनीस बाई जे करते तेच मी केलं. वही घेतली, दोन रकाने पाडले, आणि 20 मे ते 20 जुलै असे दोन महिने एकटीने राहून बघायचं ठरवलं.

देवरुखला जायचं होतं ते जुन्या फेरफारांच्या नकला काढायला. सातबारा हल्ली मोबाइलवर निघतो. मी तो आधीच काढला होता आणि मला त्यातलं काहीही समजलं नव्हतं. क्षेत्राच्या जागी 0.08.40 असं लिहिलेलं. मला ती वेळ वाटली. सकाळचे आठ चाळीस. ते हेक्टर, आर आणि चौरस मीटर निघाले, म्हणजे आठ गुंठे आणि वर थोडं. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, त्यामुळे आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटच्या हिशेबात मी एकदम जहागीरदारीण झाले. तो आनंद भोगवटादारांची नावं वाचेपर्यंत टिकला. तेवीस नावं. त्यात माझ्या नवऱ्याचं नाव नाही, सासऱ्यांचंही नाही. आजेसासऱ्यांचं आहे, आणि ते जाऊन चाळीसेक वर्षं झालीत. वारसनोंदच केलेली नाही.

तलाठी कार्यालयातल्या मुलाने शांतपणे समजावलं. आधी वारसनोंदीचा अर्ज, मग नोटीस, हरकतीसाठी 15 दिवस, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करणार. आणि आठ गुंठ्यांतला आमचा हिस्सा वेगळा करून हवा असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप. त्याला सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. सगळ्या म्हणजे? "सगळ्या," तो म्हणाला. तेवीसमधले एक कॅनडात आहेत. एक नालासोपाऱ्याला असतात आणि 1994 पासून आमच्याशी बोलत नाहीत.

न बोलण्याचं कारण एक फणस आहे. आमच्या खळ्याच्या कडेला उभा आहे, त्याचा पाला आमच्या कौलांवर पडतो, मुळं आमच्या गडग्यात शिरलीत. पण 'इतर हक्क'च्या रकान्यात तो नालासोपाऱ्याच्या नावावर आहे. जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचं असू शकतं, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. फ्लॅट घेताना कुणी सांगत नाही की हॉलच्या खिडकीतला गुलमोहर तिसऱ्या मजल्यावरच्यांचा.

पण कागद नंतर. पहिल्याच संध्याकाळी गडग्यापलीकडच्या काकींनी विचारलं, "वयनी, घर परतलंव का?"

"हो, आजच आले," मी म्हटलं.

काकी माझ्याकडे बघत राहिल्या. मग वर बोट करून म्हणाल्या, "कौलं गो बाय, कौलं!"

घर परतणं म्हणजे कौलं काढून, खालचा पालापाचोळा झाडून, फुटकी बदलून पुन्हा लावणं. मिरगाआधी, म्हणजे 7 जूनच्या आत. चार वर्षं आमचं घर परतलेलं नव्हतं. माकडांनी त्यावर उड्या मारल्या होत्या, वाळवीने दोन वासे आणि बऱ्याच रिपा खाल्ल्या होत्या. हे काम करणारे तात्या एकसष्ट वर्षांचे. ते शिडीवरून चढले आणि छपरावर अशा बेताने चालायला लागले, जसं मी फुटपाथवर कधी चालले नसेन. एकेक कौल ते बोटाच्या गाठीने वाजवून बघत. खणखणलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर खाली. एकशे चाळीस कौलं बद्द वाजली. नवी आणू म्हटलं तर कळलं की दर कंपनीच्या कौलाची खाच वेगळी, एक दुसऱ्यात बसत नाही. शेवटी वरच्या वाडीत कुणी स्लॅबचं घर बांधलं होतं, त्यांची उतरवलेली कौलं मिळाली. तात्यांचा मुलगा विरारला आहे. दुसरा शाकारणी करणारा गावात नाही. पंचक्रोशीत एक आहे, तो तात्यांहून मोठा.

वहीत मी लिहिलं: कौलं 140, मजुरी तात्या तीन दिवस, हाताखाली एक माणूस तीन दिवस. हाताखालचा माणूस दुसऱ्या दिवशी आलाच नाही. आंब्याच्या बागेत गाड्या भरायला गेला. तिथे तरी माणसं कुठली? बागा राखायला, फवारायला, आंबा उतरवायला नेपाळी कुटुंबं येऊन राहतात. त्यांतल्या एका नेपाळी बाईला संगमेश्वरी बोलताना ऐकलं. माझ्यापेक्षा चांगलं बोलत होती.

मग आगोट. पावसाआधी चार महिन्यांची बेगमी करून ठेवायची: मीठ, कांदे, कोकम, कुळीथ, सुके बोंबील, सोडे, आणि न्हाणीच्या चुलीसाठी लाकडं, तीही आधी सुकवून रचून. काकींनी यादी सांगितली तेव्हा मी शहाणपणा केला, "दुकान दीड किलोमीटरवर तर आहे." काकी म्हणाल्या, "साकवावरून पाणी गेलं की पोहत जाशील?" मी दहा किलो कांदे घेतले.

पाऊस यायच्या आधी मात्र पाणीच नव्हतं. हे मला अजूनही नीट गिळता आलेलं नाही. या जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात गावांत टँकर येतात. विहिरीत वाकून पाहिलं तर तळाला दोन फूट पाणी आणि एक बेडूक. तात्यांनी कारण सांगितलं ते छपरावरूनच: खाली जांभा आहे, त्याला भोकं भोकं, वरून पडलेलं पाणी मुरतं आणि उतारावरून निघून जातं. समुद्राला जायची त्याला घाई. पंचायतीचा नळ दिवसाआड अर्धा तास. डोंबिवलीत मी पाण्याच्या वेळेवरून सोसायटीशी भांडते. इथे भांडायला कुणी नव्हतं, म्हणून काकींच्या मागून हंडा घेऊन खालच्या झऱ्यावर गेले. डोक्यावर हंडा ठेवता येत नाही म्हणून कमरेवर घेतला, आणि अर्धं पाणी परतताना पायवाटेला घातलं.

पाऊस आला तो रात्री. त्याबद्दल इथे लिहिणार नाही. ज्या दृश्यासाठी मी आले होते ते सगळं तसंच होतं, ओटी, चहा, पागोळ्या. दुसऱ्या दिवशी वीज गेली आणि अडीच दिवस आली नाही.

माझ्या कामाचं काय झालं ते सांगते. इन्व्हर्टर घेतला होता, ब्रॉडबँडची वायर घरापर्यंत आली होती. 20 जूनला दुकानदारांचे महिन्याचे रिटर्न भरायचे; उशीर झाला की दिवसाला 50 रुपये दंड. लॅपटॉप चालू, इंटरनेट चालू, आकडे जुळलेले. शेवटी ओटीपी मागितला गेला. ओटीपी मोबाइलवर येतो. मोबाइलला रेंज सड्यावर. सडा म्हणजे वरचं कातळाचं पठार, चढायला पंधरा मिनिटं. ओटीपी दहा मिनिटांत मरतो. मी एकदा धावत वर गेले, आकडे हातावर लिहिले, धावत खाली आले. पावसाने शाई पुसली होती आणि वेळही संपली होती. दुसऱ्या खेपेला लॅपटॉपच प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर नेला. सड्यावर मोबाइलच्याच इंटरनेटवर, छत्री मानेत धरून, गुडघ्यावर लॅपटॉप ठेवून मी अकरा रिटर्न भरले. गुरं राखणारे आजोबा शेजारी उभे राहून बघत होते. शेवटचं झाल्यावर म्हणाले, "झाला काय निवद दाखवून?"

त्याच आठवड्यात न्हाणीत घंगाळाखाली विंचू निघाला. तांबूस, लहान. काकींनी वहाणेने मारला आणि तीच वहाण पायात घालून गेल्या. लहानपणी ऐकलं होतं की कोकणात विंचवाने माणसं जात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रायगडच्या खेड्यांत काम करून दाखवून दिलं की रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी वेळेवर दिली तर विंचू चावलेला माणूस वाचतो. त्यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. 'वेळेवर' या शब्दावर मी त्या रात्री बराच वेळ अडकून होते. प्राथमिक आरोग्य केंद्र नऊ किलोमीटर. 108 ला फोन केला तर रुग्णवाहिका येते, पण फोन करायला सडा. आणि इथे फुरसंही आहे, जे वाळक्या पाल्यात पाल्यासारखंच दिसतं. सकाळी काकींना विचारलं, रात्री गाडी कोण काढतं? त्यांनी बोटांवर मोजलं. वाडीत गाडी चालवणारे चार. दोन मुंबईला. एक संध्याकाळनंतर चालवण्यासारखा नसतो. राहिला एक, त्याचं लग्न ठरलंय आणि होणारी बायको चिपळूणला राहू या म्हणते.

त्या दिवशी मी वहीत तिसरा रकाना पाडला. त्याला नाव सुचेना म्हणून 'माणूस' असं लिहिलं. कौलं: तात्या. पाणी: काकी, कारण झरा कधी गढूळ असतो ते त्यांनाच कळतं. गाडी: एक, अंदाजे मार्चपर्यंत. माझा फ्लॅट, भाडं, पेट्रोल, गॅस हे सगळं पहिल्या दोन रकान्यांत छान जुळत होतं. गावाला राहणं स्वस्तच निघत होतं. तिसऱ्या रकान्याची बेरीज कशी करायची ते मला येईना.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात काकींनी हाक मारली. "वयनी, उद्या लावणी. एक माणूस कमी हाय. येतस?" मी गेले. तरवा उपटून झालेला, पॉवर टिलरने चिखलणी झालेली. वाकायचं, चार-चार काड्या चिखलात खोवायच्या, मागे सरकायचं. अकरा वाजता माझी कंबर माझी राहिली नाही. माझी ओळ सापासारखी गेली होती, आणि काकींच्या सुनेने ती न बोलता उपटून पुन्हा लावली. संध्याकाळी काकी पडवीत कुणाला तरी सांगत होत्या, "आज साडेपाच माणसं होती." सहा बायका होतो आम्ही. अर्धी कोण, ते विचारायची गरज नव्हती.

लावणीची फेड लावणीने करतात. काकींनी आपल्याकडे यायचं, आपण त्यांच्याकडे. माझ्याकडे लावायला शेत नव्हतं. पण चार दिवसांनी काकी आधारकार्ड घेऊन आल्या. पीएम-किसानचे पैसे अडकले होते, केवायसी करायची होती. "तुला त्या वरच्या आकड्यांचं जमतं ना?" आम्ही दोघी सड्यावर गेलो. दुसऱ्या दिवशी पाच जणी आल्या. तात्याही आले, मोबाइल रुमालात बांधून. परत येताना कुणी अळूची पानं दिली, कुणी काकड्या. वहीत हे कुठे लिहायचं ते कळलं नाही, म्हणून लिहिलं नाही.

20 जुलैला डोंबिवलीला आले. नवऱ्याने वही वाचली. हिशेबावर काही बोलला नाही. तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, "तात्या अजून चढतो छपरावर?" मग बराच वेळ खिडकीत उभा राहिला. नालासोपाऱ्याच्या चुलतभावाचा नंबर आपल्याकडे आहे का, असं त्याने रात्री जेवताना विचारलं. माझ्याकडे नव्हता. काकींकडे असेल.

तात्यांचा फोन ऑगस्टमध्ये आला. सड्यावरून बोलत होते. वारा ऐकू येत होता. मागच्या बाजूची दोन कौलं सरकली होती, ती त्यांनी बसवली होती, त्याचे पैसे नकोत म्हणाले. मग म्हणाले, "पुढच्या साली परतायचं असंल तर शिमग्यालाच सांगा. मे महिन्यात माणूस गावत नाय."

मी विचारलं, मजुरी किती धरू?