पाण्यातली फारकत

आपल्या भाषेने मिठाला इमानाची खूण मानले आहे. खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण म्हणतो. हे मीठ पाण्यात पडल्यावर स्वतः कसे वागते ते पाहिले, की मात्र गंमत वाटते.

मिठाच्या खड्यात सोडियमचे धनभारित आणि क्लोराइडचे ऋणभारित आयन एकमेकांना घट्ट धरून असतात. ही पकड नुसत्या उष्णतेने सोडवायची, तर मीठ सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून वितळवावे लागते. पाणी हेच काम माठातल्या गारव्यातही करते. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या बाजूस किंचित ऋणभार असतो, हायड्रोजनच्या बाजूस किंचित धनभार. असे अनेक रेणू खड्याभोवती गराडा घालतात आणि एकेक आयन सुटा करून नेतात. रसायनशास्त्रात याला विचरण म्हणतात.

स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८४ साली आपल्या प्रबंधात या विचाराचा पाया घातला, तेव्हा परीक्षकांनी त्याला खालची श्रेणी दिली. एकमेकांना एवढे धरून असलेले कण नुसत्या पाण्यात वेगळे होतात, हे पटणे सोपे नव्हते. पुढे १९०३ साली याच सिद्धांतासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागायतदाराला मात्र हे न पटून चालत नाही. निफाड तालुक्यात माझ्या मामांची बाग आहे. वेलींना खते ठिबकच्या नळ्यांतून, पाण्यात विरघळवून दिली जातात. मामा कॅल्शियम नायट्रेट एका टाकीत कालवतात आणि पोटॅशियम सल्फेट, म्हणजे त्यांच्या बोलीतले ‘झिरो झिरो पन्नास’, दुसऱ्या टाकीत. दोन्ही द्रावणे नितळ असतात. मग ती एकत्र का करायची नाहीत, असे मी विचारले, तेव्हा मामा म्हणाले, “अरे, पाण्यात पडलं की पोत्यावरचं नाव पुसलं जातं.”

हे उत्तर अचूक आहे. पाण्यात कॅल्शियमने नायट्रेटची आणि पोटॅशियमने सल्फेटची साथ सोडलेली असते. अशी दाट द्रावणे मिसळली, की सुटे कॅल्शियम आणि सुटे सल्फेट एकमेकांना गाठतात. त्यांची पकड अशी, की पाण्याची ओढ तिच्यापुढे तोकडी पडते आणि जिप्समचा पांढरा साका तळाशी बसतो. तो ड्रिपरच्या बारीक छिद्रांत अडकला, की वेलीला खत मिळत नाही आणि पाणीही नाही. फळछाटणीनंतर घड भरण्याच्या दिवसांत अशा चार ओळी तहानल्या, तर वर्षभराच्या कष्टांवर आणि बँकेच्या हप्त्यावर त्याचा परिणाम होतो.

‘विरघळणे’ हा शब्द आपण सहसा स्वतःला हरवून बसण्याच्या अर्थाने वापरतो. मामांच्या टाक्यांजवळ मला त्या शब्दाचा दुसरा अर्थ समजला. विरघळलेला आयन दिसेनासा होतो, जुना सोबतीही सोडतो. पण त्याचा भार तसाच राहतो आणि त्या भारावरच त्याची पुढची गाठ ठरते. म्हणून नितळ पाणी पाहून ते रिकामे आहे, असे मला आता वाटत नाही.