36 मीटरची तार

माझी भाची बारावी सायन्सला गेली, तेव्हा तिच्या टेबलावर गणिताची दोन पुस्तकं आली. पहिल्या भागात मॅट्रिक्स, त्रिकोणमिती, व्हेक्टर; दुसऱ्यात बहुतेक सगळं कॅल्क्युलस. बोर्डाचा लेखी पेपर 80 गुणांचा, वेळ तीन तास. कॅल्क्युलेटरला बंदी, लॉग टेबल चालतं.

दिवाळीनंतर तिने भिंतीवर सूत्रांचे कागद चिकटवले. पाठांतर चोख होतं. पण शाब्दिक उदाहरण आलं की पेन थांबायचं आणि तिचे डोळे भरून यायचे. यात दोष मुलांचा नाही, असं मला मनापासून वाटतं. बीजगणित एका वर्षी, आलेख दुसऱ्या, कॅल्क्युलस तिसऱ्या. ही एकाच घरातली माणसं आहेत, हे त्यांना कुणी सांगतच नाही.

तिला ते कळलं पुस्तकातल्या एका नेहमीच्या उदाहरणातून. 36 मीटर तार वाकवून आयत करायचा. क्षेत्रफळ जास्तीत जास्त कधी? ती लगेच डेरिव्हेटिव्ह काढायला निघाली, तर सर म्हणाले, “थांब. आधी तक्ता कर.” परिमिती 36, म्हणजे लांबी-रुंदी मिळून 18. लांबी 5 घेतली तर क्षेत्रफळ 65, 7 घेतली तर 77, 9 ला 81 आणि 11 ला पुन्हा 77. बिंदू जोडल्यावर वक्र चढत गेला आणि 9 पाशी वळून खाली आला.

मग सरांनी तिला वर्ग पूर्ण करायला लावला. 81 मधून एक्स वजा 9 चा वर्ग वजा.

“हा वर्ग कमीत कमी किती होईल?”

“शून्य. एक्स 9 असताना.”

शेवटी डेरिव्हेटिव्ह: 18 वजा 2 एक्स. तो शून्य होतो तोही 9 ला, कारण माथ्यावर स्पर्शिका आडवी असते. “सर, तिन्हीकडून 9 च!” ती जवळजवळ ओरडलीच. दुसरा डेरिव्हेटिव्ह उणे 2, म्हणून हे कमाल मूल्य, ही ओळ मात्र सरांनी तिच्याकडून न चुकता लिहून घेतली. बोर्डात पायऱ्यांना गुण असतात.

त्यानंतर तिची वही बदलली. प्रत्येक उदाहरणाशेजारी लहानशी आकृती दिसू लागली. साइन एक्सचं शून्य ते टू पाय इंटिग्रेशन शून्य येतं. पण आलेख काढला की अक्षाच्या वर एक लाट, खाली एक, प्रत्येकीचं क्षेत्रफळ 2. म्हणजे बंदिस्त क्षेत्र 4. हे तिनेच मला समजावलं, फ्रिजवरच्या किराणा यादीच्या मागे रेघा मारून.

जानेवारीत वेळ लावून पेपर सुरू झाले. सेक्शन डीमध्ये आठांतले पाच, प्रत्येकी 4 गुणांचे. कोणते निवडायचे याचाही सराव लागतो. लिनिअर प्रोग्रॅमिंगला आलेखाचा कागद लागत नाही, कच्ची आकृती पुरते, असं प्रश्नपत्रिकेच्या सूचनांतच लिहिलेलं असतं. ते वाचून तिला फार बरं वाटलं होतं.

बोर्ड संपलं, तोवर सीईटी दारात. तिथे 90 मिनिटांत गणिताचे 50 प्रश्न, पायऱ्या कुणी पाहत नाही. ती मात्र कच्च्या कागदावर आधी वक्र काढते, मग पर्याय वाचते.