राखलेली जागा

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील चिंचपाडा हे माझे गाव. तेथील शाळेच्या खो-खो संघात मी खेळत असे. त्या संघाच्या इतिहासात चषक नाहीत.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली या खेळाला नियम घालून दिले. आठ गड्यांनी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसावे व नवव्याने धावावे. दिवाळीनंतर मात्र आमचे नऊ गडी जमतच नसत. कित्येक सोबती आईबापांबरोबर ऊसतोडीसाठी गुजरातेत जात. त्यांच्या जागी खालच्या वर्गांतील मुले बसवून आम्ही खेळ चालू ठेवीत असू. होळीला कोणी परतला, की धाकटा मुलगा आपण होऊन उठे व त्याची जागा त्याला देई.

२०२५ साली दिल्लीत झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या पुरुषांनी व महिलांनीही जिंकला. प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, याचा मला अभिमान वाटतो.

आमचे सर्वच सोबती शाळेत परतले नाहीत. पण आपली जागा कोणीतरी राखून बसले आहे, हे ज्याला ठाऊक असे, तो गाडीतून उतरताच घराआधी मैदान गाठी.