दगडाची धूळ, दाखल्याची वाट

सिलिकोसिस हा दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार. दगड फोडताना, कापताना, घासताना गारेचे, म्हणजे स्फटिकरूप सिलिकाचे, कण हवेत उडतात. मोठे कण नाकात आणि श्वासनलिकेत अडकतात, पण पाच मायक्रॉनहून लहान कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथल्या भक्षक पेशी ते गिळतात; मात्र ते पचत नाहीत. पेशी मरते, कण मोकळा होतो आणि दुसरी पेशी तो गिळते. ही झटापट वर्षानुवर्षे चालते आणि मऊ फुप्फुसात कठीण गाठी धरत जातात. काम सोडले तरी आजार थांबतोच असे नाही. झालेली हानी भरून काढणारे औषध आजही नाही.

राजस्थान हे या आजाराचे देशातील मोठे केंद्र. करौली, धौलपूर, भरतपूर, जोधपूर, बुंदी या जिल्ह्यांत वाळूच्या दगडाच्या खाणी आहेत, आणि या दगडाचा बहुतांश भाग सिलिकाच असतो. जयपूर-आग्रा रस्त्यावर दौसा जिल्ह्यातल्या सिकंदऱ्यात आणि सिरोही जिल्ह्यातल्या पिंडवाड्यात तोच दगड जाळ्या, खांब, मूर्ती आणि मंदिरांच्या कमानींसाठी कोरला जातो. छिन्नी-हातोडीच्या जागी विजेचे ग्राइंडर आल्यावर काम झपाट्याने होऊ लागले, आणि धूळही कितीतरी जास्त व अधिक बारीक उडू लागली. छिन्नीने दगडाचे तुकडे पडतात. ग्राइंडर त्याचे पीठ करतो. जयपूरच्या जुन्या शहरातले मूर्तिकार मुख्यतः संगमरवरावर काम करतात. शुद्ध संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यात मुक्त सिलिका अगदी थोडी. शेजारच्या जिल्ह्यात तेच हत्यार वाळूच्या दगडावर चालवणाऱ्या कारागिराच्या वाट्याला मात्र हा आजार येतो. एकाच कलेच्या दोन कारागिरांचे आयुष्य दगडाच्या जातीवर ठरते.

जयपूर रेल्वे स्थानक आणि सिंधी कॅम्प बसस्थानक यांना लागून असलेला बनी पार्क हा जुन्या कोठ्यांचा आणि त्यांतून झालेल्या हॉटेलांचा भाग. झरोके, जाळ्या, कोरीव खांब ही अशा वास्तूंची ओळख. जयपूर जिल्ह्याची कलेक्टर कचेरीही याच भागात आहे, आणि छातीच्या विकारांचे सरकारी श्वसनरोग संस्थान जवळच्या शास्त्रीनगरात. कोरीव दगडाला मागणी असलेली वस्ती, आजार ओळखणारे रुग्णालय आणि सरकारी कचेरी एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. करौलीच्या डांग भागातला खाणमजूर दीडशेहून अधिक किलोमीटर दूर. तपासणीसाठी इथे यायचे तर प्रवासाच्या दिवसाची मजुरी बुडते आणि दम लागलेल्या माणसाबरोबर आणखी एकाला यावे लागते. म्हणजे दोघांची मजुरी जाते.

पण निदान आणि भरपाई मिळवण्याच्या वाटेवरच्या अडथळ्यांत अंतर हा सर्वांत सोपा. पहिला खरा अडथळा निदानाचा. खोकला, धाप, वजन घटणे, छातीत दुखणे ही लक्षणे क्षयाचीही आहेत. एक्स-रेवर दोन्ही आजारांचे डाग बहुधा फुप्फुसांच्या वरच्या भागात दिसतात. त्यातच सिलिकाने भक्षक पेशी दुबळ्या झालेल्या असल्याने सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षय होण्याचा धोका कित्येक पट वाढतो, म्हणून अनेकांच्या छातीत दोन्ही आजार एकत्र नांदतात. थुंकीत जंतू सापडला नाही तरी क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. गुण आला नाही की पुन्हा सुरू होतात. या फेऱ्यांत वर्षे जातात आणि मजूर धुळीतच राहतो. काय काम करता, किती वर्षे करता, एवढे दोन प्रश्न विचारले तर यातला बराचसा काळ वाचतो. रोज शेकडो रुग्ण तपासणाऱ्या ओपीडीत तेच राहून जातात.

दुसरा अडथळा पुराव्याचा. कारखाने आणि खाणींच्या कायद्यांनी सिलिकोसिस नोंदवण्याजोगा व्यवसायजन्य आजार ठरवला, आणि 1923 च्या कामगार भरपाई कायद्यातही तो होता. पण भरपाई मागायला मालक दाखवावा लागतो. छोट्या खाणींत हजेरीपट नसतो, मजुरी रोख मिळते आणि मजूर आज या ठेकेदाराकडे, उद्या त्या ठेकेदाराकडे असतो. नोंद असते ती फक्त घेतलेल्या उचलीची. आजारपणात उचल वाढते आणि ती फेडायला पुढे मुलगा त्याच खाणीत उतरतो. बायकांचे काम तर काम म्हणूनही गणले जात नाही. बुंदी जिल्ह्यातल्या बुधपुऱ्यात घराच्या दारात बसून फरसबंदीचे चौकोनी दगड घडवणारी बाई कोणत्या मालकाचे नाव सांगणार?

ही कोंडी फोडण्याचे श्रेय राजस्थानला आणि तिथल्या संघटनांना द्यायलाच हवे. जोधपूरचे ‘माइन लेबर प्रोटेक्शन कॅम्पेन’, करौलीची ‘डांग विकास संस्थान’ यांनी प्रश्न लावून धरला. खाणकामगारांच्या आरोग्यासाठी नागपुरात तेव्हा असलेल्या राष्ट्रीय संस्थेच्या तज्ज्ञांनी केलेल्या तपासण्यांचा त्यांना आधार मिळाला. राज्याने 2015 मध्ये सिलिकोसिसला साथरोगाचा दर्जा दिला. ऑक्टोबर 2019 च्या न्युमोकोनिओसिस (धुळीने होणारे फुप्फुसांचे आजार) धोरणाने मालक सिद्ध करण्याची अट बाजूला ठेवली. आजार प्रमाणित झाला की रुग्णाला 3 लाख रुपये, मृत्यूनंतर कुटुंबाला 2 लाख, शिवाय महिना 1500 रुपयांची पेन्शन अशी तरतूद झाली. यातला मोठा वाटा खाणींकडून जमा होणाऱ्या जिल्हा खनिज निधीतून येतो. आजार ज्या धंद्याने दिला, त्याच धंद्याचा पैसा रुग्णाकडे वळवणारी ही योजना देशात फार मोलाची आहे.

मग अडथळा उरतो दाखल्याचा. ई-मित्र या सरकारी सेवा केंद्रावर अर्ज, त्यासाठी जन आधार हे राज्याचे ओळखपत्र, आरोग्य केंद्रात प्राथमिक तपासणी, एक्स-रे, मग डॉक्टरांचे मंडळ. क्ष-किरण वाचणारे तज्ज्ञ मोजके, अर्ज भरमसाट. बिहार, उत्तर प्रदेश किंवा मध्य प्रदेशातून आलेल्या मजुराकडे जन आधारच नसते; आजार राजस्थानच्या खाणीत जडला तरी तो राजस्थानचा रहिवासी ठरत नाही. दौसा जिल्ह्यात बनावट दाखल्यांची प्रकरणे उघडकीस आल्यावर तपासणी कडक होणे साहजिक होते. पण त्या कडकपणाची किंमत चुकवतो तो खरा रुग्ण, कारण त्याच्याकडे वाट पाहायला वेळ नसतो. मार्च 2023 मध्ये राजस्थान विधानसभेने देशातला पहिला आरोग्य हक्क कायदा मंजूर केला. त्याचा उपयोग या रुग्णाला त्याच्याच तालुक्यात एक्स-रे, ऑक्सिजन आणि क्षयाची नीट तपासणी मिळण्यात दिसायला हवा.

या सगळ्यात सर्वांत कमी पैसा आणि लक्ष प्रतिबंधाकडे जाते, आणि तीच खरी चूक आहे. ओल्या ड्रिलिंगने, म्हणजे छिद्राच्या तोंडाशी पाण्याची धार ठेवून, बरीचशी धूळ जागीच बसते. कोरीव कामाच्या टेबलापाशी धूळ ओढून घेणारा पंखा बसवता येतो. तोंडाला बांधलेला गमछा मात्र पाच मायक्रॉनचा कण अडवत नाही. त्याला संरक्षण म्हणणे म्हणजे मजुराची फसवणूक आहे. पाण्याच्या टाकीचा आणि पंख्याचा खर्च एका रुग्णाच्या भरपाईपुढे किरकोळ आहे.

महाराष्ट्राचा काळा पाषाण या बाबतीत पुष्कळ सौम्य, कारण बेसाल्टमध्ये मुक्त सिलिका फार थोडी. पण सिंधुदुर्गात कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत, आणि ग्रॅनाइट कापणारी, राजस्थानी दगड घासणारी, काचेसाठी वाळू हाताळणारी माणसे शहरागणिक आहेत. घरासाठी किंवा देवळासाठी कोरीव दगड मागवणाऱ्या प्रत्येकाने तो ओल्या पद्धतीने घडवला आहे का, हे विक्रेत्याला विचारावे. आणि प्रत्येक डॉक्टरने क्षयाच्या गोळ्या दुसऱ्यांदा लिहिण्यापूर्वी रुग्णाला त्याचे काम विचारावे.