कोंडलेला उंट

बुद्धिबळातल्या सेमी-स्लाव ओपनिंगच्या पहिल्या दहा चाली मला तोंडपाठ होत्या. तरीही एका स्पर्धेत समोरच्याने अकरावी चाल वेगळी केली आणि मी वीस मिनिटं पटाकडे नुसता बघत बसलो. तो डाव हरलो. माझा पांढऱ्या घरांतला उंट शेवटपर्यंत स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलेला होता.

घरी येऊन ठरवलं, पाठांतर पुरे; एकच डाव मुळापासून समजून घ्यायचा. निवडला विश्वनाथन आनंदचा, जानेवारी २०१३ मध्ये वाइक आन झी इथे लेव्हॉन अरोनियनविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी २३ चालींत जिंकलेला. इंजिन बंद. चालींवर कागद ठेवायचा, आपली चाल वहीत लिहायची आणि मगच कागद एक ओळ खाली सरकवायचा.

दहाव्या चालीला आनंदचा उंट बी-७ वर बसतो. समोर सी-६ वर आपलंच प्यादं. बाराव्या चालीला ते प्यादं सी-५ वर जातं आणि थेट पांढऱ्या राजाच्या दारापर्यंतचा कर्ण मोकळा होतो. सेमी-स्लावचं मर्म मला तिथे कळलं: आधी उंट कोंडायचा, मग योग्य वेळी त्याला वाट करून द्यायची.

एकोणिसाव्या चालीला अडलो. पांढऱ्या घोड्याने एफ-८ वरचा हत्ती मारला होता. मी बेधडक लिहिलं, ‘घोडा मारणे.’ कागद सरकवला, तर आनंदने एफ-प्यादं दोन घरं पुढे टाकलेलं! दोन रात्री उलगडा होईना. तिसऱ्या रात्री सी-२ वरच्या वजिरापासून एच-७ पर्यंत बोट फिरवलं आणि बोट एफ-५ वर अडलं. त्या एका प्याद्याने वजिराची वाट बंद केली होती, शिवाय जी-४ वरच्या आपल्या घोड्यालाही जोर दिला होता.

शेवटची चाल ई-३ वर दुसरा उंट. एच-३ राखणाऱ्या पांढऱ्या वजिराची आडवी ओळ तुटली. जी-२ चं प्यादं हलू शकत नव्हतं, कारण बी-७ वरचा उंट त्याच्यातून राजावर रोखलेला होता. अरोनियनने डाव सोडला.

दहाव्या चालीनंतर तो उंट जागचा हललाच नव्हता. आता ओपनिंग खेळताना प्रत्येक चालीआधी मी स्वतःला विचारतो: या चालीने कुणाची वाट मोकळी होते?