नातवंडांसोबत डिस्नेच्या उद्यानात

परदेशी मुलांकडे गेलात की नातवंडांसोबत डिस्नेची फेरी ठरलेलीच. फ्लोरिडातील उद्यान १९७१ चे, टोकियोतील १९८३ चे; पाहुणचाराची रीत मात्र निराळी. फ्लोरिडात बॅटरीवरची गाडी भाड्याने घेऊन अनेक ज्येष्ठ स्वतःच हिंडतात. खाद्यपदार्थांच्या खिडकीवर मागितल्यास बर्फाचे पाणी विनामूल्य मिळते. टोकियोत मिरवणूक पाहण्यास लोक चटया अंथरून शिस्तीने भुईवर बसतात. दृश्य लोभस, पण दुखऱ्या गुडघ्यांना ते कसे जमावे? तेथे चाकांची खुर्ची सकाळीच भाड्याने घ्यावी. (आपल्या मंडळींना तीत बसणे उगाच कमीपणाचे वाटते!)

फ्लोरिडाचा उन्हाळा दमट असतो. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी पाणी किती प्यावे, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. हृदयविकार असल्यास वेगवान पाळण्याबाहेरील सूचना कुटुंबीयांनी वाचून दाखवावी आणि आजोबांना सावलीत बसवावे. आत काय घडले, ते नातवंडे सांगतातच.