कोलशेतांतील मुकी पंगत

ठाण्याच्या रेल्वे स्थानकाहून उत्तरेकडे निघून माजिवडें, कापूरबावडी व ढोकाळी हीं ठिकाणें मागें टाकलीं, म्हणजे कोलशेत लागतें. पश्चिमेस येऊरचे डोंगर, पूर्वेस उल्हास नदीची खाडी आणि या दोहोंमधील सखल भूमीवर हें गांव वसलेलें आहे. खाडीच्या पलीकडे भिवंडी तालुका. येथील मूळचे रहिवासी आगरी व कोळी. भातशेती, मासेमारी आणि खाडींतील रेती यांवर त्यांचा निर्वाह चाले. १९८२ सालीं ठाण्यास महानगरपालिका झाली. त्या सुमारास आम्ही प्रथम या बाजूस आलों, तेव्हां कोलशेत म्हटलें कीं भाताचीं खाचरें आणि त्यांच्या शेजारीं उभे राहिलेले कारखाने, एवढेंच डोळ्यांपुढें येई.

आज तें रूप उरलेलें नाहीं. सँडोझ या स्विस कंपनीचा रसायनांचा कारखाना पुढें क्लॅरियंट या नांवानें चालला, व अखेर त्याच्या जागेवर उंच इमारती उभ्या राहिल्या. वायुदलाचें ठाणें तेवढें जागच्या जागीं आहे. २०२४ सालीं येथें एक विस्तीर्ण उद्यान लोकांस खुलें झालें, त्यामुळें वृद्धांच्या सायंकाळची सोय झाली. वरच्या मजल्यावरील सज्जांत उभें राहिलें असतां खाडीचा वळसा, ओहोटीनें उघडा पडलेला चिखल, तिवरांची हिरवी किनार आणि तीवर उतरणारे बगळे असा देखावा दिसतो. देखावा रम्य खरा. परंतु भर दुपारीं या इमारतींतून हिंडावें, तर बहुतेक दारें बंद, आणि कित्येक दारांआड एकेकटें वृद्ध माणूस. आम्हांस सांगावयाचें आहे तें या दारांआडच्या जेवणाविषयीं.

आमच्या पुतण्याचें बिऱ्हाड येथें आहे. नौपाड्यांतील आमच्या जुन्या घरीं एके काळीं सोळा पानें एका वेळीं मांडलीं जात. घर पाडून नवी इमारत झाली, आणि एका चुलीच्या चार चुली झाल्या. ज्येष्ठ बंधूंच्या निधनानंतर वहिनी मुलाबरोबर कोलशेतला राहूं लागल्या. मुलगा आणि सून सकाळीं आठास कामावर जातात, नात शाळेंत. वहिनी दिवसभर एकट्या. त्यांच्या हातची आमटी खाण्यासाठीं पूर्वीं पाहुणे मुक्काम वाढवीत. त्याच वहिनी आतां दुपारीं चहाबरोबर सकाळची पोळी खाऊन उठत. विचारलें तर म्हणत, “भावोजी, एकटीसाठीं कुकर कशाला चढवायचा?” वर्षभरांत त्यांच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकूं लागल्या.

त्या घरीं नातीच्या हट्टास्तव दोन गिनिपिग आले. तिनें त्यांचीं नांवें वाटाणा व फुटाणा अशीं ठेविलीं. हा प्राणी नांवाप्रमाणें ना गिनी देशाचा, ना डुकराच्या जातीचा. तो मूळचा दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या प्रदेशांतला. तेथील लोकांनीं हजारों वर्षांपूर्वीं त्यास माणसाळविलें, तें खाण्यासाठीं. युरोपांत गेल्यावर मात्र तो लाडका झाला. त्याचा मुख्य आहार वाळलेलें गवत. दांत जन्मभर वाढत असल्यामुळें तें अखंड चावीत राहणें त्यास भाग आहे, आणि आंतड्यांचें चलनवलनही त्यावरच चालतें. वर थोडी ढोबळी मिरची व कोथिंबीर द्यावी. कांदा, लसूण, बटाटा, दूध, शिजलेला भात हे पदार्थ त्यास वर्ज्य. एकवीस दूर्वांची जुडी बांधून उरलेल्या हरळीवर चतुर्थीस या जोडीचा हक्क असे. फ्रीजचें दार उघडल्याचा आवाज होतांच दोघेही शीळ घालूं लागत.

मनुष्याप्रमाणेंच गिनिपिगच्या शरीरांत ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाहीं. तें अन्नांतूनच मिळावें लागतें. नॉर्वेंतील आक्सेल होल्स्ट व थिओडोर फ्रोलिश यांनीं १९०७ सालीं गिनिपिगना केवळ धान्यावर ठेविलें असतां त्यांस स्कर्व्ही झाली, आणि त्या रोगाचा उलगडा होण्यास मोठें साहाय्य झालें. मुंबईवरही या प्राण्याचे उपकार आहेत. १९०३ च्या सुमारास भायखळ्याच्या राणीच्या बागेंतील गिनिपिग प्लेगानें मेले. त्यांच्या अंगावर लिस्टन या संशोधकास उंदरांच्या पिसवा आढळल्या, आणि प्लेग पिसवांमार्फत पसरतो या मतास बळकटी आली. ज्याच्या उपासमारीनें व मरणानें माणसास आपल्या शरीराचें ज्ञान झालें, त्याच्या मनाकडे लक्ष मात्र फार उशिरां गेलें.

गतवर्षीं श्रावणांत फुटाणा अल्पशा आजारानें मरण पावला. दुसऱ्या दिवसापासून वाटाणा कोपऱ्यांत तोंड खुपसून बसला. शीळ बंद, गवत जसेंच्या तसें, ढोबळी मिरचीस तोंड लाविलें नाहीं. स्वयंपाकघरांतील वजनकाट्यावर त्याचें वजन नऊशें ग्रॅमवरून आठशेंच्या खालीं उतरलें. हा प्राणी एक अहोरात्र उपाशी राहिला तरी आंतडीं मंदावून जिवावर बेतते, हें पुतण्यास ठाऊक होतें. त्यानें तत्काळ पशुवैद्य गांठला. पशुवैद्यानें प्रथम दांत पाहिले, पोट चांचपलें, आणि मग म्हणाला कीं सोबत्याचा शोक हें निदान सर्वांत शेवटीं करावें; कारण दुखऱ्या दाढेचें आणि शोकाचें बाह्य लक्षण एकच, अन्न सोडणें. दाढ निर्दोष निघाली. तेव्हां त्यानें दर तीनचार तासांनीं गवताच्या पुडीची पातळ पेज बिनसुईच्या पिचकारीनें भरवावयास सांगितली, आणि नवा सोबती आणण्याचा सल्ला दिला. मात्र रोगसंसर्ग टाळण्यासाठीं पंधरा दिवस तो निराळ्या खोलींत ठेवावयाचा.

सोबतीचें हें महत्त्व केवळ भाविक कल्पना नव्हे. जर्मनींतील म्युन्स्टर येथील नॉर्बर्ट झाक्सर यांनीं दाखविलें आहे कीं गिनिपिगला अनोळखी पिंजऱ्यांत ठेविलें असतां रक्तांतील ताणाचा द्रव वाढतो, परंतु जिव्हाळ्याचा सोबती जवळ असेल तर ती वाढ पुष्कळच कमी होते. आणि ज्या देशाच्या कंपनीनें कोलशेतास कारखाना दिला, त्या स्वित्झर्लंडनें २००८ सालीं नियमच केला कीं गिनिपिग एकटा पाळूं नये.

ते पंधरा दिवस घरीं राहणार कोण? अर्थात् वहिनी. पेज भरविण्याचें काम त्यांजकडे आलें. भरवून झाल्यावर त्याच्याजवळ कोणी तरी बसलेलें बरें, असें पशुवैद्यानें सांगितल्यावरून त्या आपलें ताट घेऊन पिंजऱ्याशेजारीं बसूं लागल्या. नुसती पोळी घेऊन बसण्याची त्यांनाच लाज वाटली असावी. कारण दुसऱ्या दिवशीं ताटांत वरणभात आला व तिसऱ्या दिवशीं कोशिंबीर. चौथ्या दिवशीं वाटाण्यानें काकडीच्या कोशिंबिरीसाठीं निवडलेल्या कोथिंबिरीचा एक देंठ आपण होऊन ओढून घेतला. सायंकाळीं त्यांनीं आम्हांस दूरध्वनि केला. बोलल्या एवढेंच, “भावोजी, जेवला हो तो.” बंधूंच्या निधनानंतर त्यांच्या आवाजांत तसा हर्ष आम्हीं प्रथमच ऐकिला.

यथाकाल नवा सोबती आला. आधीं जाळीच्या आडून ओळख, नंतर एकत्र वास. आतां दोघे एकाच गवताच्या काडीचीं दोन टोकें धरून खातात. परंतु वाटाण्यास सोबती मिळाला, आणि वहिनींच्या ताटाची त्यास गरज उरली नाहीं. आठच दिवसांत दुपारची पोळी आणि चहा परत आला. प्राण्याचा प्रश्न पंधरा दिवसांत सुटला. माणसाचा होता तेथेंच राहिला.

आम्ही आयुष्यभर संस्कृत शिकविलें. ज्या घरीं रुद्राभिषेक होतो, तेथें चमकाचे शब्द कानांवरून जातात. परंतु त्यांतील दोन शब्दांवर आम्हीं वर्गांत कधीं विशेष थांबण्याचा प्रसंग आला नव्हता. ते शब्द म्हणजे ‘सग्धि’ आणि ‘सपीति’, अर्थात् एकत्र खाणें व एकत्र पिणें. याचकानें दूध, तूप, मध मागितल्यावर लगेच हीं दोन मागितलीं आहेत, आणि शेती व पाऊस त्यांच्या नंतर. म्हणजे सोबत ही अन्नाच्या यादींत मोजली आहे. जेवणावरची शोभा म्हणून नव्हे. अर्वाचीन संशोधनही तेंच सांगतें. अमेरिकेंतील जॉन डी कॅस्ट्रो यांनीं लोकांच्या आहाराच्या रोजनिशा तपासून दाखविलें कीं मनुष्य चौघांत बसला कीं एकट्यापेक्षां अधिक जेवतो.

एकत्र कुटुंबाचे गोडवे आम्हीही पुष्कळ गाइले आहेत. मोडलेली चूल पुनः जोडतां येत नाहीं, आणि तरुणांनीं नोकऱ्या सोडून घरीं बसावें असेंही कोणी म्हणणार नाहीं. परंतु आपल्या वाचकांपैकीं प्रत्येकाच्या गोतावळ्यांत अशी एखादी वहिनी, आत्या किंवा काका आहे, ज्यांना आपण डबा पाठवितों, फळें पाठवितों, शक्तीचीं औषधें पाठवितों. डब्याबरोबर एखादें जेवणारें माणूस पाठवावें, हें मात्र सुचत नाहीं. आम्ही सेवानिवृत्त; वेळेची श्रीमंती आमच्यापाशीं आहे. म्हणून गुरुवारीं व सोमवारीं साडेदहाची बस धरून आम्ही उभयतां कोलशेतला जातों. पुतण्याच्या सासूबाई मंगळवार सांभाळतात. बुधवारीं शेजारच्या दारांतील एक वृद्ध गृहस्थ आपलें ताट घेऊन येतात. शुक्रवार अजून मोकळा आहे.

त्या चार दिवशीं तेथें कुकर चढतो.